बिनकिल्लीच्या गाडीची किल्ली

शोरूममधला विक्रेता आधी अभिमानाने सांगतो की या गाडीला किल्ली लागत नाही, आणि मग दोन किल्ल्या हातात देतो. फोटोसाठी तिसरी येते. ती पुठ्ठ्याची, सोनेरी कागद चढवलेली, चांगली दोन-अडीच फूट लांब, आणि तिला दातेही असतात. टायरखाली लिंबं ठेवून झालेली असतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटलेलं असतं, पेढ्यांचा पुडा उघडलेला असतो. सगळं घर त्या पुठ्ठ्याच्या किल्लीला हात लावून कॅमेऱ्याकडे बघतं. खऱ्या किल्ल्या त्या वेळी कुणाच्या तरी पर्समध्ये असतात, आणि त्या कशा चालतात हे समजावणाऱ्या मुलाचं बोलणं कुणीच ऐकत नसतं, कारण मुहूर्त टळत चाललेला असतो.

त्या मुलाचं ऐकायला हवं होतं, हे दीड-दोन वर्षांनी कळतं. म्हणजे सेल संपतो तेव्हा.

किल्ली खिशातून बाहेर न काढता गाडीत बसावं, ही हौस तशी जुनी. फोर्डने १९८०मध्ये अमेरिकेत थंडरबर्डसारख्या गाड्यांच्या दारावर पाच बटणं बसवली. ठरलेला आकडा दाबला की दार उघडायचं. किल्ली सांभाळायचा प्रश्न सुटला आणि आकडा आठवायचा सुरू झाला. फ्रान्समध्ये रेनॉने १९८२च्या सुमारास फ्यूगो या गाडीला इन्फ्रारेड किरणांवर चालणारा रिमोट दिला. तो पॉल लिपशुत्झ या माणसाच्या डोक्यातून निघाला होता. मग बटण तरी का दाबायचं, असं कुणाला तरी वाटलं आणि १९९३च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये नुसतं जवळ गेल्यावर उघडणारं दार आलं. मर्सिडीजने १९९८च्या एस-क्लासबरोबर ही सोय आणली, आणि श्रीमंतांच्या बाकी सोयींप्रमाणे तीही झिरपत झिरपत आपल्याकडच्या हॅचबॅकच्या वरच्या मॉडेलपर्यंत येऊन पोचली.

वरवर पाहता यात काहीच घडत नाही. माणूस येतो, हँडलला हात लावतो, दार उघडतं. आत मात्र बरीच बोलाचाली होते. हँडलला हात लागताच (काही गाड्यांत त्यावरचं छोटं काळं बटण दाबताच) गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवर हाक मारते. ही हाक मुद्दाम दबक्या आवाजातली असते. मीटर-दीड मीटरपलीकडे ती पोचत नाही. खिशातला रिमोट तिने जागा होतो. गाडी त्याला एक आकडा देते, रिमोट आपल्याजवळच्या गुपिताने त्या आकड्याचं उत्तर काढतो आणि ४३३.९२ मेगाहर्ट्झवर परत पाठवतो. अमेरिकेत आणि जपानमध्ये हेच उत्तर बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर जातं. उत्तर बरोबर आलं तर कुलूप सुटतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

थोडक्यात, गाडी मालकाला ओळखत नाही. निवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात बँकेला हयातीचा दाखला द्यावा लागतो. समोर खुर्चीत धडधाकट बसून चहा पीत असला तरी त्याचं नुसतं असणं पुरत नाही, दाखलाच लागतो. बिनकिल्लीच्या गाडीचा मालक हा दाखला दिवसातून दहा वेळा देतो. फरक इतकाच की त्याच्या दाखल्यावर सही करणारा तीन व्होल्टचा सेल असतो.

हा सेल एक दिवस सही करायचं नाकारतो, आणि तो दिवस बहुतेक वेळा घाईचा असतो.

सकाळची वेळ. सोसायटीचं पार्किंग. मालकाने हँडल ओढलं, दार ढिम्म. मग त्याने ते जास्त जोरात ओढलं. जोर लावून गाडीला ओळख पटते असं कुठल्याही कंपनीने आजवर म्हटलेलं नाही, तरी पहिला उपाय जोराचाच होतो. दुसरा उपाय म्हणजे रिमोटचं बटण दाबणं, आणि तिसरा म्हणजे तेच बटण दात-ओठ खात दाबणं. एवढ्यात प्रेक्षक जमलेले असतात.

वॉचमन म्हणतो, “साहेब, रात्री कायतरी टूं टूं वाजत होतं.” दुसऱ्या मजल्यावरचे काका पिशवी खाली ठेवून म्हणतात, “आमच्या फियाटला असली काही भानगड नव्हती.” हे खरंच असतं, त्या फियाटला वेगळ्या भानगडी होत्या आणि त्यांतल्या निम्म्या धक्का मारून सुटायच्या. आयटीतला तरुण हेडफोन कानावरून बाजूला करून सुचवतो, “काका, एकदा रिस्टार्ट करून बघा ना.” जी उघडत नाही ती रिस्टार्ट कशी करायची, हे विचारायच्या आत तो लिफ्टमध्ये शिरलेला असतो. शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर काच पुसता पुसता निकाल देतो, “सेन्सर गेला.” गाडीच्या बाबतीत ‘सेन्सर गेला’ हे निदान कधी चुकत नाही, कारण गाडीत कुठला ना कुठला सेन्सर कायम गेलेला असतोच.

मेकॅनिक मात्र या क्रमाने जात नाही. तो स्वस्तापासून सुरुवात करतो. आधी सेल, मग दुसरी किल्ली, मग गाडीची बॅटरी, मग आजूबाजूची हवा, आणि सगळ्यात शेवटी सेन्सर, वायरिंग आणि लॅपटॉप. बऱ्याचदा काम पहिल्या पायरीवरच संपतं. मालकाची गंमत अशी की तो उलटीकडून सुरू करतो. शोरूमला फोन करतो, गाडी टो करावी लागेल का विचारतो, ऑफिसात निरोप देतो, आणि शंभर रुपयांच्या आत मिळणारा सेल त्याला सगळ्यांच्या शेवटी आठवतो.

खरं तर सेल अचानक जात नाही. तो बरेच दिवस निरोप घेत असतो. पूर्वी जे दार गेटपासून उघडायचं ते खांबापाशी आल्यावर उघडायला लागतं, मग दोन पावलांवरून, मग बटण दोनदा दाबल्यावर. मालकाच्या हे लक्षात येत नाही. तो नकळत जवळ जाऊन बटण दाबायला शिकतो. अनेक गाड्या डॅशबोर्डवर किल्लीची बॅटरी कमी असल्याचा संदेशही दाखवतात. पण गाडी सुरू झाल्या झाल्या डॅशबोर्डवर एवढं काही लुकलुकत असतं की त्यात हाही एक लुकलुकून जातो.

मग रिमोट उघडण्याचा सोहळा. तो कसा उघडायचा याची खूण रिमोटवरच असते, पण ती दिसायला चष्मा लागतो आणि चष्मा गाडीत असतो. नेलकटरची पाती, स्क्रू ड्रायव्हर, नाणं, शेवटी स्वयंपाकघरातली सुरी असा शस्त्रांचा क्रम लागतो. टक् असा आवाज होतो आणि रबराची बटणं एकीकडे, झाकण दुसरीकडे आणि सेल सोफ्याखाली जातो. सेल शोधायला आधी लहान मुलांना बाजूला करावं, हे मात्र गमतीने सांगायचं नाही. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून तर काही कंपन्या त्यावर कडू थर देतात.

सेल विकत आणणं ही पुढची परीक्षा. बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ असतो. हा आकडा म्हणजे साधं माप आहे : २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. त्याचे भाऊ २०२५ आणि २०१६, तेवढेच रुंद पण अडीच आणि १.६ मिलिमीटर जाड. तिन्ही तीन व्होल्टचे. घड्याळवाल्याकडे नेमका हवा तो नसतो, आणि तो शेजारचा काढून देतो. “चालतंय की, व्होल्ट सेम आहे,” हे त्याचं म्हणणं शास्त्राला धरून असतं. फक्त तो सेल आत हलतो. म्हणून मागे कागदाची घडी घालतात, आणि रिमोट झक्कास चालू होतो. पहिल्या स्पीडब्रेकरपर्यंत.

सेल हाताशी नसला तरी गाडी उघडता येते आणि चालूही करता येते. ही गोष्ट मालकांपासून कुणी लपवलेली नाही, तरी ती सगळ्यांना गुपित वाटते. बिनकिल्लीच्या रिमोटच्या पोटात धातूची एक छोटी किल्ली असते. बाजूची खिटी सरकवली की ती बाहेर येते. ड्रायव्हरच्या दारात तिच्यासाठी भोकही असतं. काही गाड्यांत ते हँडलच्या टोकाच्या प्लास्टिक टोपीखाली दडवलेलं असतं. पाच-पाच वर्षं गाडी वापरलेल्या माणसाला आपल्या दाराला कुलूप आहे हे त्या सकाळी पहिल्यांदा कळतं.

तो किल्ली फिरवतो, दार उघडतं आणि गाडी बोंब ठोकते. कारण तिच्या लेखी लहरींचा दाखला न देता कुणीतरी दार उघडलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत हा भोंगा इंजिन सुरू होईपर्यंत थांबत नाही. गॅलऱ्या भरतात. काका पिशवी पुन्हा खाली ठेवतात. स्वतःच्या गाडीत स्वतःच्या किल्लीने शिरलेला माणूस चोरासारखा दिसतो, आणि “माझीच आहे हो” असं वर बघून सांगू लागला की आणखीच दिसतो.

अशा वेळी रिमोट सरळ स्टार्टच्या बटणाला टेकवायचा आणि ब्रेक दाबून त्यानेच बटण दाबायचं. रिमोटमध्ये आणखी एक चिप असते आणि तिला सेलची गरज नसते; गाडीतल्या वेटोळ्यातून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर ती जेवढ्यास तेवढी वीज मिळवते आणि आपली ओळख सांगते. काही गाड्यांत ही जागा बटणाऐवजी स्टिअरिंगच्या दांड्यावर, कपहोल्डरमध्ये किंवा हातटेकीखाली असते. नेमकी कुठे, ते गाडीबरोबर मिळालेल्या जाडजूड पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं. ते पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये असतं. ग्लव्ह बॉक्स गाडीत असतो.

आता नवा सेल घातला तरी दार उघडेना, तर पाळी दुसऱ्या किल्लीची. रोगनिदानाची याहून सोपी चाचणी नाही : दुसऱ्या किल्लीने दार उघडलं तर दोष पहिल्या किल्लीत, दोन्हींनी उघडलं नाही तर संशय गाडीवर. अडचण एवढीच की दुसरी किल्ली घरात नीट ठेवलेली असते. मराठी घरात नीट ठेवलेली वस्तू सापडायला वेळ लागतो. ती आरसी बुकाबरोबर असते, किंवा देव्हाऱ्याखालच्या खणात, किंवा बँकेच्या लॉकरमध्ये दागिन्यांशेजारी. कधी ती सासरी गेलेल्या मुलीकडे असते, कारण तिने एकदा गाडी नेली होती. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सहसा दोन्ही किल्ल्या मागते, हे कळलं की मग दुसरीचा शोध जरा गांभीर्याने सुरू होतो. ती सापडते तेव्हा तिचाही सेल संपलेला असण्याची शक्यता बरीच असते. दोन्ही सेल एकाच दिवशी कारखान्यातून निघालेले असतात.

दोन्ही किल्ल्या निर्दोष सुटल्या की गाडीची बॅटरी. रिमोट कितीही ताजा असला तरी ऐकणारा कान गाडीत आहे आणि तो बारा व्होल्टवर चालतो. उभी गाडी झोपते, पण कान उघडे ठेवून झोपते. किल्लीची चाहूल घेण्यासाठी ती थोडी थोडी वीज खात राहते. २०२० साली टाळेबंदीत गाड्या आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा कितीतरी जणांना याचा प्रत्यय आला. आतला दिवा मिणमिणतोय का, हॉर्न घसा बसल्यागत वाजतोय का, एवढं पाहिलं तरी निदान होतं.

उपाय जंपर केबलचा. पण बॅटरी बॉनेटखाली, बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत, आणि गाडी कुलूपबंद. म्हणजे पुन्हा तीच पोटातली धातूची किल्ली. काही महागड्या गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते. त्यांच्या कंपन्यांनी बॉनेटखाली जंपर लावायची टोकं काढून ठेवली आहेत. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी यावर हसू नये. त्यांच्या पायाखाली शेकडो किलो वजनाची बॅटरी असली, तरी दारं आणि संगणक चालवायला वेगळी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असतेच. ती बसली की मोठी बॅटरी तुडुंब भरलेली असूनही गाडी उघडत नाही.

सेल नवा, किल्ली ठीक, बॅटरी ठणठणीत, तरी दार बंद. इथून पुढे मंडळी नजर लागण्यावर येतात. त्यांचं अगदीच चुकत नाही; काहीतरी लागलेलं असतं, फक्त ते हवेत असतं.

कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात कार्सटेअर्स नावाचं छोटं गाव आहे. २०१९च्या जानेवारीत तिथल्या एका सहकारी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये लोकांचे रिमोट चालेनासे झाले. दूध आणायला आलेल्यांना थंडीत गाडीच्या दारापाशी ताटकळावं लागलं. गावात तर्कांना ऊत आला. शेवटी सरकारी खात्याने तपास केला तेव्हा कारण निघालं अगदी साधं : गाडी दुरून सुरू करायचं एक उपकरण बिघडून अखंड लहरी सोडत बसलं होतं. एकजण सारखा बोलत राहिल्यामुळे बाकी कुणाचं काही ऐकूच जात नव्हतं. हा अनुभव सोसायटीच्या वार्षिक सभेला गेलेल्या कुणालाही नवा नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेड इथे हाच प्रकार घडला, आणि तिथे गॅरेजची दारंही अडून बसली. वीज कंपनीने शोधाशोध केली, हौशी मंडळी यंत्रं घेऊन गल्लोगल्ली फिरली. अखेर उगम एका घरात सापडला. घरातल्या माणसाला तळघरात काम करताना वर कुणी आलं तर कळावं, म्हणून त्याने स्वतः एक बॅटरीवरचं यंत्र बनवलं होतं. ते ३१५ मेगाहर्ट्झवर सतत संदेश देत होतं आणि त्याच्या घरी कोण येतंय हे कळण्याच्या भानगडीत आख्ख्या वस्तीला आपापल्या गाडीत शिरता येत नव्हतं. त्या बिचाऱ्याला याचा पत्ता नव्हता. यंत्र बंद केलं आणि वस्तीची दारं उघडली.

आपल्याकडे ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय मोकळा आहे. त्यामुळे बिनतारी दारघंटा, सोसायटीच्या गेटचा रिमोट, हौसेने लावलेला हवामानमापक असे सगळे तिथे दाटीवाटीने राहतात. अशा जागी उपाय फार सोपा असतो. मोबाइल आणि रिमोट एकाच खिशात असतील तर वेगळे करायचे, रिमोट दाराच्या अगदी जवळ न्यायचा, आणि गाडी सुरू झाली की पुढच्या वेळी दुसरीकडे लावायची. ही शेवटची सूचना मुंबई-पुण्यात देणाऱ्याने आधी ती दुसरी जागा दाखवावी.

बटण दाबून लांबून गाडी उघडायची असेल तर आणखी एक युक्ती आहे. रिमोट हनुवटीला टेकवायचा आणि बटण दाबायचं. डोक्यातल्या पाण्याशी लहरींची जोडी जमते आणि पल्ला वाढतो. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रॉजर बाउली यांनी याचं प्रात्यक्षिकही दाखवलेलं आहे. म्हणजे यात डोकं वापरावं लागतं, पण विचार करायला नव्हे. मॉलच्या पार्किंगमध्ये कुणी हनुवटीला काहीतरी लावून चौफेर वळताना दिसला तर घाबरू नये. तो गाडी शोधतोय.

हँडलच्या खोड्या वेगळ्याच. स्पर्शाने चालणाऱ्या हँडलला हात आणि पाणी यांतला फरक नेहमीच कळतो असं नाही. मालक किल्ली खिशात ठेवून बाजूला उभा राहतो, गाडी धुणारा मुलगा हँडलवर पाण्याची धार सोडतो, आणि गाडी खटाखट उघडते, मिटते, आरसे पसरते, आवळते. पावसाळ्यात कोकणात गेलेल्या गाड्यांनाही ही हुक्की येते. उलट, ज्या हँडलवर रबरी बटण आहे तिथे धूळ आणि मेण साचून बटण दबेनासं होतं. मग दार रिमोटने उघडतं, हँडलने उघडत नाही. एवढ्या एका निरीक्षणावर मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो, पण मालक गॅरेजमध्ये जाऊन सांगतो एवढंच : “सेंटर लॉकचा काहीतरी प्रॉब्लेम आहे.”

लहान मुलांचाही यात वाटा असतो. जुन्या धाटणीच्या रिमोटमध्ये बटण दाबलं की दर वेळी नवा आकडा जातो आणि गाडी त्याच्या बरोबरीने मोजत राहते. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात रचलेली कीलॉक ही अशीच पद्धत; मायक्रोचिप या अमेरिकी कंपनीने ती १९९५मध्ये एक कोटी डॉलरला घेतली. तिच्या नेहमीच्या मांडणीत गाडी पुढच्या १६ आकड्यांपर्यंतची चूक पोटात घालते. नातवाने आजोबांच्या मांडीवर बसून त्याहून जास्त वेळा बटण दाबलं, तर गाडी लागोपाठ दोन बरोबर आकडे मागते. म्हणजे एकदाऐवजी दोनदा दाबायचं. ही सवलत सुमारे ३२ हजार दाबांपर्यंत आहे. त्यापुढे गेलेला नातू गाडीवाल्याकडे नव्हे, डॉक्टरकडे न्यावा.

सगळ्यात मजेची तक्रार मात्र काहीच बिघडलेलं नसताना येते. नवरा बायकोला स्वारगेटला सोडायला जातो. रिमोट तिच्या पर्समध्ये. ती उतरते, ठाण्याच्या शिवनेरीत बसते. गाडी एकदा पीं करते आणि किल्ली सापडत नसल्याचं डॅशबोर्डवर सांगते. पण चालतं इंजिन ती बंद करत नाही. भर रस्त्यात गाडी थांबली तर जास्त धोका, म्हणून कंपन्यांनी तसं ठरवलेलं आहे. नवऱ्याला वाटतं, सीटबेल्टबद्दल काहीतरी असेल. तो सिंहगड रस्त्यावर घरी पोचतो, बटण दाबून गाडी बंद करतो, आणि ती सोसायटीच्या गेटमध्ये आडवी लावलेली असते. आता ती सुरू होत नाही. फोन लागतो तेव्हा किल्ली लोणावळ्याचा घाट उतरत असते. “तुझ्याकडे आहे का बघ जरा,” आणि “मी उतरताना विचारलं होतं तुम्हाला,” या दोन वाक्यांवर कुठलाही मेकॅनिक काम करू शकत नाही.

आतापर्यंत गाडी उघडत नाही म्हणून रडगाणं झालं. ती नको तेव्हा उघडते, ही दुसरी बाजू. २०११ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या फ्रान्सियोन, डानेव्ह आणि चापकुन या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर प्रयोग केला. एक अँटेना गाडीपाशी, दुसरा किल्लीपाशी; मधे गाडीची दबकी हाक तेवढी पुढे पोचवायची. किल्लीला वाटलं गाडी शेजारीच आहे, गाडीला वाटलं मालक आलाय. दहाही गाड्या उघडल्या आणि सुरूही झाल्या. सामानाचा खर्च शंभर ते हजार डॉलर. गणित कुणी फोडलं नव्हतं, गुपित कुणी चोरलं नव्हतं. फक्त अंतराबद्दल थाप मारली होती.

२०१५मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे स्तंभलेखक निक बिल्टन यांच्या डोळ्यांदेखत सायकलवरून आलेल्या दोन पोरांनी त्यांची प्रियस उघडली. बिल्टन यांनी चौकशी करत करत त्याच डानेव्ह यांना गाठलं आणि शेवटी किल्ली फ्रीझरमध्ये ठेवायला सुरुवात केली, कारण धातूच्या पेटीतून लहरी सहजी बाहेर पडत नाहीत. आपल्या घरात बर्फ, मटारची पिशवी आणि मागच्या महिन्यातलं खोबरं यांच्यात किल्लीला जागा मिळणं कठीण, शिवाय गारठ्याने सेल मंदावतो आणि बाहेर काढल्यावर रिमोटच्या आत दव धरतं. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बरा. तो पास की नापास हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. किल्ली डब्यात घालून डबा घेऊन गाडीपाशी जायचं आणि हँडल ओढायचं. दार उघडलं तर तो डबा डाळीसाठी ठेवावा.

नव्या किल्ल्यांमध्ये यावर दोन तोडगे आले आहेत. काही रिमोट थोडा वेळ हलले नाहीत की झोपी जातात, मग कुणी कितीही हाका मारल्या तरी उत्तर देत नाहीत. दुसरा तोडगा अल्ट्रा-वाइडबँड लहरींचा. यात गाडी उत्तर यायला किती वेळ लागला हे मोजते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे मधे कुणी निरोप्या घुसला की उशीर पकडला जातो. गाडी आणि मोबाइल कंपन्यांच्या संयुक्त संघटनेने २०२१मध्ये ही पद्धत मोबाइलमधल्या डिजिटल किल्लीच्या मानकात घातली. म्हणजे आता रिमोटही नको, नुसता फोन पुरे.

फोनच्या भरवशावर राहण्याची झलक १९ नोव्हेंबर २०२१ला मिळाली. टेस्लाचं अॅप जगभर बंद पडलं. सोलमधल्या एका मालकाने ५०० क्रमांकाची चूक येत असल्याचं ट्विट केलं, तेव्हा खुद्द इलॉन मस्क यांनी बघतो म्हणून उत्तर दिलं आणि नंतर दिलगिरीही व्यक्त केली. तोवर अॅपवर विसंबलेली मंडळी आपापल्या गाडीबाहेर उभी होती. काका तिथे असते तर त्यांना फियाट आठवली असती.

फोनची बॅटरी संपली तर काय, याचाही विचार झालेला आहे. अॅपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन बंद पडल्यावरही त्यातली गाडीची किल्ली पाच तासांपर्यंत चालू शकते. सिनेमा, जेवण आणि मुंबईतला परतीचा ट्रॅफिक धरला तर हे पाच तास काठावर येतात. म्हणून टेस्ला आपल्या मालकांना एक कार्डही देते. दाराच्या खांबाला लावलं की गाडी उघडते. कार्ड पातळ आहे, पाकिटात मावतं, आणि त्याला सेल लागत नाही.